चिकनच्या हाडांचं सूप: कुकर की पातेलं? आणि ते फ्रिजमध्ये घट्ट का होत नाही?

शुभ्रा_मुलुंड
आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालंय. वय ६८. घरी आणलंय, वॉकर धरून हॉलपर्यंत येते, पण जेवण फारच कमी झालंय. दोन घास खाऊन ताट सरकवते. पातळ काही दिलं तर मात्र घेते, म्हणून चिकनच्या हाडांचं सूप सुरू केलं. आत्या सांगून गेली की हाडांच्या सुपाने हाड लवकर जुळतं, रोज दे. मैत्रीण म्हणते, सूप फ्रिजमध्ये जेलीसारखं घट्ट झालं तरच त्यात दम, नाहीतर नुसतं पाणी.

माझं काही घट्ट होत नाही. चिकनवाला बोनलेस कापतो तेव्हा उरलेला सांगाडा स्वस्तात देतो, तो आणते. कांदा, आलं, मिरी घालून दोन-अडीच तास पातेल्यात उकळते. वास छान, चव छान. फ्रिजमध्ये ठेवलं की वर चरबीची चकती जमते आणि खाली पाणीच. कुकरला लावू का? व्हिनेगर घालतात म्हणे, ते खरंच लागतं का? आणि मुख्य म्हणजे आत्याचं म्हणणं कितपत खरं आहे?

गोपीटँक
ताई, उकळण्यात खोट नाही, सांगाड्यात आहे. बोनलेस काढल्यावर उरतो तो छातीचा आणि पाठीचा भाग. शिवाय मुंबईत बहुतेक जण कोंबडी कातडी काढूनच घेतात. सूप घट्ट होतं ते जिलेटिनमुळे, आणि जिलेटिन येतं कातडी, स्नायूंची टोकं, सांध्यांतली कूर्चा यांतून. हे सगळं ठासून भरलेलं असतं पायांच्या पंज्यांमध्ये. पंजे आणा. सोबत मान आणि पंख.

मी माटुंग्याला सिटीलाइटच्या मागे गोपी टँक मार्केटला जातो, पण पंजे कुठल्याही चिकनवाल्याकडे मिळतात. फक्त आधी सांगून ठेवायचं, नाहीतर साफ करताना ते थेट टोपलीत जातात. पंखही मागून घ्या, ते लॉलीपॉपसाठी लगेच उचलले जातात.

तिखटमीठ
पंजे?? माझी मुलं घर सोडून जातील.

गोपीटँक
मुलांना पातेलं दाखवायचं नाही, वाटी दाखवायची.

रंकाळा
मी कोल्हापूरची, सध्या बोरिवलीत. आमच्याकडे आजारी माणसाला, बाळंतिणीला, लहान पोरांना अळणी रस्सा देतात. त्यासाठी हाडं वेगळी आणून कुणी उकळत नाही. मटण किंवा चिकन हाडासकट घ्यायचं, तुपावर आलं-लसूण जरा परतायचं, हळद-मीठ लावलेले तुकडे टाकायचे, झाकणावर पाणी ठेवून वाफ काढायची आणि मग तेच गरम पाणी आत ओतून शिजवायचं. तो रस्सा वाटीत. त्याच भांड्यातून पुढे तांबडा आणि पांढरा होतो.

जेलीच्या मागे एवढं लागायचं कारण मला कळत नाही. चव मांसातून येते. नुसत्या हाडांचं पाणी घशाला चिकट लागतं आणि जिभेला काहीच सांगत नाही. आईला जेवण जात नाहीये ना? मग चवीचं द्या, मांसासकट द्या.

कुकरप्रेमी_ठाणे
रंकाळाताईंचं चवीबद्दलचं पटलं, पण दोन्ही एकत्र करता येतं. मी असं करतो: अर्धा किलो पंजे आणि अर्धा किलो मान-पंख-पाठ असं मिळून एक किलो. दोन लिटर पाणी. कुकर दोन तृतीयांशाच्या वर भरायचा नाही, त्यामुळे पाच लिटरचा लागतो.

पंजे आधी वेगळ्या पाण्यात पाच मिनिटं उकळायचे आणि ते पाणी फेकायचं. पिवळी साल राहिली असेल तर आता हाताने सुटते. नखं पहिल्या पेरापाशी कात्रीने छाटायची. मग सगळं कुकरमध्ये गार पाण्यात घालून आधी झाकण न लावता गरम करायचं. वर करडी मळी येते ती झाऱ्याने काढून टाकायची, ती येणं थांबलं की आलं, मिरी, तमालपत्र घालून झाकण. पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक आणि पाऊण तास ते तास. नंतर शिट्टी उचलून वाफ काढायची नाही, कुकर आपोआप पडू द्यायचा. वाफ एकदम सोडली की आतलं पाणी खळाखळा उकळतं आणि सगळी चरबी ढवळून सूप गढूळ होतं.

पातेल्यात पाणी शंभर अंशांच्या वर जात नाही, कुकरमध्ये साधारण १२० पर्यंत जातं. म्हणून चार तासांचं काम एका तासात होतं. गॅसचं बिल बघा आणि ठरवा.

सावकाश
कुकरवाल्यांशी माझं जुनं भांडण आहे :) पातेल्यात तुम्हाला सूप दिसतं. कधी मळी काढायची, कधी गॅस कमी करायचा, हे डोळ्यांनी कळतं. पाणी उकळायचं नाही, कडेला एखादा बुडबुडा यावा इतकीच आच. झाकण अर्धवट. चिकनला चार ते पाच तास पुरे होतात. रात्रभर ठेवणारे लोक आहेत, पण फार वेळ शिजवलं तर तयार झालेलं जिलेटिनच तुटत जातं आणि सूप उलट पातळ पडतं. जास्त तास म्हणजे जास्त गुण, असं नाही.

आणि कांदा, गाजर, सेलरी काही घालणार असाल तर शेवटच्या तासात. सुरुवातीपासून घातलं की भाजी पार विरघळते आणि एक गोडसर कंटाळवाणी चव येते. मीठ अगदी शेवटी, कारण आटल्यावर खारटपणा वाढतो.

शुद्ध_शाकाहारी_चेंबूर
आम्ही काय करायचं? आमच्याकडे पण एक खुबा आहे.

तिखटमीठ
शेवग्याच्या शेंगा उकडून, गर काढून, मुगाच्या डाळीबरोबर घोटून गाळा. जिरं-तुपाची फोडणी आणि मिरपूड. घट्ट नाही झालं तरी पोटभर होतं आणि डाळीचं प्रथिन जातं.

पथ्यपाणी
मी आहारतज्ज्ञ आहे. रुग्णालयात हाडांच्या ऑपरेशननंतरच्या रुग्णांचा आहार बघते, त्यामुळे आत्यांच्या मुद्द्यावर सविस्तर लिहिते.

हाडांच्या सुपाने हाड जुळतं, हे समजायला सोपं आहे म्हणून टिकून आहे. हाडात कॅल्शियम असतं, पण पाण्यात उकळून ते फार थोडं उतरतं. व्हिनेगर किंवा लिंबू घातल्याने किंचित फरक पडतो, मात्र कपभर सुपात दुधाच्या जवळपास जाईल एवढं कॅल्शियम येत नाही. एक कप दुधात साधारण ३०० मिलिग्रॅम असतं, १०० ग्रॅम नाचणीत ३५० च्या आसपास. सूप त्याच्या आसपासही नाही.

दुसरं, जिलेटिन हे प्रथिन आहे, पण अपुरं. त्यात ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसतंच. म्हणजे जेली कितीही घट्ट झाली तरी तेवढ्यावर जखम भरत नाही, स्नायू परत येत नाहीत. खुब्याच्या ऑपरेशननंतर वयस्कर माणसाचे मांडीचे स्नायू झपाट्याने उतरतात, आणि चालणं त्यांच्यावर अवलंबून असतं. अशा वेळी पोटात जागा कमी असताना ती जागा नुसत्या पाण्याने भरली की घास आणखी कमी जातात. हे मी वॉर्डात सतत बघते: घरचे प्रेमाने दोन-दोन वाट्या सूप पाजतात आणि मग पेशंटला अंडं नको असतं.

म्हणून सूप बंद करू नका, सुपात काहीतरी घाला. उकडलेल्या चिकनचे बारीक तंतू. किंवा गरम सुपात फेटलेलं अंडं धारेने सोडायचं आणि पूर्ण शिजू द्यायचं, एका अंड्यात ६ ग्रॅम प्रथिन मिळतं. किंवा त्याच सुपात मऊ मुगाची खिचडी शिजवायची. आईंना मूत्रपिंडाचा त्रास किंवा युरिक ॲसिडचा इतिहास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. बीपी असेल तर मीठ मोजून. आणि ड जीवनसत्त्वाची गोळी लिहून दिली असेल तर ती चुकवू नका, हाडाला तिची गरज सुपापेक्षा कितीतरी जास्त आहे.

रंकाळा
हेच म्हणत होते मी. मांसासकट.

इतिहासवेडा
पथ्यपाणींनी लिहिलेलं पावणेदोनशे वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये सिद्ध झालंय. तिथे गरिबांना आणि रुग्णालयांतल्या रुग्णांना हाडांपासून काढलेल्या जिलेटिनचं सूप देत असत, कारण स्वस्त. त्याने खरंच पोषण होतं का, हे तपासायला समिती नेमली, माजांदी हा शरीरशास्त्रज्ञ तिचा प्रमुख. कुत्र्यांवर प्रयोग केले आणि १८४१ मध्ये निष्कर्ष आला की नुसत्या जिलेटिनवर प्राणी जगत नाही.

आणि कुकरवाल्यांसाठी: कुकरचा पूर्वज मुळात हाडांसाठीच बनला होता. दनी पापँ या फ्रेंच माणसाने १६७९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला वाफेचं बंद भांडं दाखवलं. त्यात कडक हाडं इतकी मऊ होत की त्यांचा रस काढता येई. भांडं फुटू नये म्हणून त्याने सेफ्टी व्हॉल्व्हही लावला.

कुकरप्रेमी_ठाणे
सावकाश, ऐकताय ना? ३४५ वर्षांहून जुनी परंपरा आहे आमची.

सावकाश
ऐकलं. पातेलं त्याहून जुनं आहे.

चिंबोरी_वर्सोवा
आमच्या कोळीवाड्यात सर्दी झाली की चिंबोऱ्यांचं कालवण, नांग्या ठेचून. नाक असं सुटतं की विचारू नका. चिकन सुपाने सर्दी जाते हे तरी खरं आहे का कुणी सांगा, का तेही आत्याचंच?

पथ्यपाणी
सर्दी बरी होत नाही, पण आराम पडतो याला थोडा आधार आहे. १९७८ मध्ये 'चेस्ट' या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटा अभ्यास आला होता, त्यात गरम चिकन सुपानंतर नाकातला शेंबूड गरम पाण्यापेक्षा जास्त वेगाने वाहताना दिसला. त्याच नियतकालिकात २००० मध्ये दुसरा आला, त्यात सुपामुळे काही पांढऱ्या पेशींची हालचाल मंदावली, पण ते प्रयोगशाळेत, माणसांत नाही. चिंबोरीवर असं काही वाचलेलं नाही, पण वाफ आणि तिखट दोन्ही असल्यावर नाक सुटणारच.

बोका_आणि_मोती
एक विनंती. सूप गाळल्यावर उरलेली हाडं सोसायटीतल्या कुत्र्यांना घालू नका. शिजलेलं कोंबडीचं हाड टोकदार फुटतं आणि घशात, आतड्यात अडकतं. आमच्या मोतीला पोटाचा एक्स-रे काढावा लागला होता. कांदा-लसूण घातलेलं सूपही कुत्र्या-मांजरांना नको, त्यांच्या रक्तपेशींना कांदा बाधतो. त्यांच्यासाठी करायचं असेल तर बाजूला साध्या पाण्यात, मीठही न घालता, आणि हाडं काढून.

तिखटमीठ
मग हाडं टाकायची कुठे? आमच्या मजल्यावर ओल्या कचऱ्याची बादली सकाळीच उचलतात. रात्री ठेवली की बोका झाकण पाडतो आणि सकाळी जिन्यात पंजे.

बोका_आणि_मोती
कागदात गुंडाळून डब्यात घालून फ्रीझरमध्ये ठेवा, सकाळी डबा ओल्या कचऱ्यात रिकामा करा. पावसाळ्यात तर हाच उपाय, नाहीतर घरभर वास.

नोकरी_आणि_नैवेद्य
सगळ्यांनी शिजवण्याबद्दल लिहिलं, गार करण्याबद्दल कुणीच नाही, आणि मुंबईत खरी अडचण तीच आहे. मी अन्नसुरक्षेच्या क्षेत्रात काम करते. रात्री अकराला गॅस बंद करायचा, ओट्यावर झाकून ठेवायचं, सकाळी फ्रिजमध्ये टाकायचं, हे घरोघरी चालतं. मांसाचा रस्सा, भरपूर प्रथिनं, कोमट तापमान आणि बंद झाकण म्हणजे काही जंतूंची चंगळ. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स नावाच्या जंतूचे बीजाणू उकळण्याने मरत नाहीत. सूप हळूहळू गार होताना ते जागे होतात आणि झपाट्याने वाढतात. मोठं पातेलं आपल्या दमट हवेत तासन् तास कोमट राहतं. ऑपरेशन झालेल्या ६८ वर्षांच्या बाईला जुलाब परवडणार नाहीत.

गाळलं की लगेच पसरट भांड्यांत वाटून घ्या. परातीत पाणी आणि बर्फ घालून भांडी त्यात ठेवा, मधूनमधून ढवळा. उकळतं सूप पहिल्या दोन तासांत खोलीच्या तापमानापर्यंत यायला हवं आणि त्यानंतर लगेच फ्रिज. कढत पातेलं थेट फ्रिजमध्ये घातलं तर शेजारचं दूध-दही गरम होतं, म्हणून आधी बर्फ. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस, त्यापुढचं फ्रीझरमध्ये. देताना लागेल तेवढंच काढून नीट उकळा. अख्खं भांडं पुन्हा पुन्हा गरम करून परत ठेवायचं नाही.

सावकाश
हे मला नवीन आहे. मी कोमट झाल्यावरच ठेवत होतो. धन्यवाद.

लालबागकर
माझे दोन शब्द. ब्रॉयलरमध्ये दम नसतो, गावठी कोंबडी आणा. ब्रॉयलरला हार्मोनची इंजेक्शनं देऊन फुगवतात.

पथ्यपाणी
इंजेक्शनाची गोष्ट सगळीकडे ऐकू येते. ब्रॉयलर झटपट वाढतो तो जातीच्या निवडीमुळे आणि खाद्यामुळे. हजारो पक्ष्यांना एकेक इंजेक्शन देणं कुणाला परवडणार?

गोपीटँक
गावठीचा एक मुद्दा बरोबर आहे. मोठी झालेली कोंबडी चवीला दाट लागते. तिचे सांधे आणि स्नायू घट्ट असतात म्हणून वेळही जास्त लागतो, कुकरमध्ये तासापेक्षा पुढे जावं लागतं. रस्स्याला मीही गावठीच घेतो. पण रोजच्या सुपासाठी ब्रॉयलरचे पंजे चांगले, किमतीतही बसतात.

शुभ्रा_मुलुंड
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. शनिवारी पंजे आणि पंख आणले. चिकनवाला म्हणाला, "कुत्र्यासाठी का?" आईसाठी म्हटल्यावर त्याने स्वतःच नखं छाटून दिली आणि मान फुकट टाकली. कुकरप्रेमींच्या पद्धतीने पाऊण तास ठेवलं, कुकर आपोआप पडू दिला, परातीत बर्फ घालून गार केलं. सकाळी फ्रिज उघडला तर डबा हलवल्यावर खरवसासारखं थरथरत होतं!

पण पथ्यपाणींचं वाचल्यावर जेलीचा आनंद मागे पडला. आता वाटीभरच सूप, त्यात एक अंडं धारेने सोडून आणि चिकनचे तंतू घालून. आई म्हणाली, "यात चावायला काहीतरी आहे, हे बरं." मूत्रपिंडाचे रिपोर्ट डॉक्टरांना दाखवले, ते म्हणाले चालेल. नाचणीची पेज संध्याकाळी सुरू केली. आत्याला अजून काही सांगितलेलं नाही.

आता वर जमणारी चरबी काढून टाकू का? आणि वरच्या मजल्यावरचे लोक शाकाहारी आहेत, वासाबद्दल थोडं बोलणं झालं.

सावकाश
चरबी गार झाल्यावर चमच्याने चकतीसारखी निघते. सूप साठवायचं तोवर तशीच राहू द्या, वरून झाकण होतं. देताना काढा. फेकू नका, फ्रिजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांत भात परतायला वापरा.

पथ्यपाणी
आईंना वजन टिकवायचं आहे, त्यामुळे थोडी चरबी सुपात राहिली तरी बिघडत नाही. पचत असेल तर.

कुकरप्रेमी_ठाणे
वासासाठी कुकरच बरा, बंद भांडं. सगळ्यात जास्त वास पंज्यांची पहिली उकळ काढताना आणि झाकण उघडताना येतो. ती पहिली उकळ एक्झॉस्ट चालू ठेवून काढा आणि ते पाणी सिंकमध्ये ओतताना वर गार पाण्याचा नळ सोडा.

रंकाळा
आणि वरच्यांना शेवग्याचं सूप पाठवा, चेंबूरकरांच्या धाग्यावरच्या मागणीत तेही बसतं. आईंना जरा दात लावता येईल असं झालं की अळणी रस्सा आणि त्यात भाताचा मऊ घास करून बघा. हळद आणि तूप विसरू नका.

चिंबोरी_वर्सोवा
आमच्या इथल्या दुकानात पंजे मागितले तर म्हणाला, हॉटेलवाले सगळे उचलतात. आता काय?

गोपीटँक
रविवारी सकाळी आठच्या आत जा, नाहीतर आदल्या रात्री फोन करून ठेवा. श्रावण सुरू झाला की गर्दी उतरते, तेव्हा मागाल तेवढे मिळतात. जास्त मिळाले तर साफ करून अर्धा-अर्धा किलोच्या पिशव्या फ्रीझरमध्ये टाका, उकळायला काढताना वितळवत बसायची गरज नाही.